पन्नास सेंटिमीटरच्या वरचा मासा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गेले काही आठवडे गळाच्या मासेमारीवरून वाचकांचा वाद चालला आहे. रात्रपाळी संपवून घरी आले की सोमवारी सकाळी मी तो वाचते. एका वाचकानं लिहिलं, की मासा पकडून परत पाण्यात सोडणं हा निव्वळ छळ आहे, खायचा नसेल तर धरायचाच कशाला? पुढच्या आठवड्यात परदेशात राहणाऱ्या दुसऱ्या वाचकानं उत्तर दिलं, की सुधारलेल्या देशांत मासा सोडून देतात, मारणं हे मागासलेपण. दोन्ही पत्रं मी दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा अस्वस्थ झाले, कारण या दोन्ही बाजूंना मी प्रत्यक्ष राहिले आहे. आठ वर्षं इंग्लंडमध्ये, आणि २०१७ पासून जर्मनीत. पत्रलेखक ज्यांना सुधारलेले देश म्हणतात त्यांतलेच हे दोन, आणि या एका प्रश्नावर त्यांची उत्तरं इतकी उलटी आहेत, की एकीकडचा शिष्टाचार दुसरीकडे गुन्हा ठरू शकतो. पत्र लांबलं आहे. कापावं लागलं तर कापा, पण ऑक्टोबरमधल्या माशाचा प्रसंग तेवढा ठेवा, ही विनंती.

मी डायलिसिस विभागात नर्स आहे. गळ पहिल्यांदा हातात धरला तो वयाच्या चौतिसाव्या वर्षी, तोही इंग्लंडमध्ये. मिडलंड्स भागात आम्हाला मिळालेल्या घराचं मागचं फाटक उघडलं की ग्रँड युनियन कालव्याची पायवाट लागायची. रात्रपाळीनंतर मला झोप येत नसे. नवऱ्याची नोकरी दिवसाची, मुलगा शाळेत, आणि अख्ख्या गल्लीत मला नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. कालव्याच्या काठावर शेजारच्या घरातले आजोबा स्टुलावर बसलेले दिसायचे. पहिले दोन-तीन महिने आम्ही एकमेकांना नुसतं ‘मॉर्निंग’ म्हणत होतो. मग एके दिवशी मी फाटक उघडलं तर त्यांच्या शेजारी दुसरं स्टूल मांडलेलं होतं. त्यांनी त्याबद्दल काही म्हटलं नाही, मीही विचारलं नाही, बसले.

काठी हातात देण्याआधी त्यांनी मला परवाना काढायला लावला. एन्व्हायर्न्मेंट एजन्सी या सरकारी पर्यावरण संस्थेचा परवाना वेगळा आणि ज्या पाण्यात गळ टाकायचा त्या पाण्याच्या मालकाची किंवा क्लबची परवानगी वेगळी. मार्चच्या १५ पासून जूनच्या १५ पर्यंत नद्यांवर गोड्या पाण्यातल्या साध्या माशांसाठी गळ बंद, कारण तो त्यांचा विणीचा काळ. हा नियम १८७८ च्या कायद्यापासून चालत आला आहे. बहुतेक कालव्यांवरून तो २००० साली उठवला, पण आजोबा त्या तीन महिन्यांत कालव्यावरही काठी न घेता यायचे. नोकरीत होते तोवर त्यांनी दरवर्षी १६ जूनची रजा राखून ठेवलेली असे. एका १६ जूनला पहाटे तीन वाजता त्यांनी मला ट्रेंट नदीवर नेलं. अंधारात नदीचा नुसता आवाज येत होता, आणि काठाकाठानं थोड्या-थोड्या अंतरावर माणसं आधीच येऊन बसली होती. कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

त्यांच्या डब्यात एका कोपऱ्यात कागदात गुंडाळलेले शिशाचे बारीक मणी होते. गळ बुडावा म्हणून दोऱ्याला लावतात तसले. ते त्यांनी कधीच वापरले नाहीत, फेकलेही नाहीत. हंस आपलं खाणं पोटात दळायला बारीक खडे गिळतात, त्या खड्यांबरोबर काठावर सांडलेले हे मणी त्यांच्या पोटात जायचे आणि शिशाच्या विषानं ते मरायचे. म्हणून इंग्लंडनं १९८७ मध्ये ०.०६ ग्रॅमपासून २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांवर बंदी आणली. ‘आम्ही सांडले, आम्हालाच माहीत नव्हतं,’ एवढंच ते म्हणाले. त्या माणसानं आपली चूक तीस वर्षं कागदात बांधून जवळ ठेवली होती. मला मासेमारी अशा माणसानं शिकवली, हे आधी सांगायला हवं होतं.

शिकवलेलं सगळं हळू होतं. दोऱ्याला बांधलेल्या, पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लोटचं लाल टोक बुडालं की झटका द्यायचा नाही, मनगट नुसतं उचलायचं. मासा काठाशी आला की हातजाळं आधीच पाण्यात बुडवून ठेवलेलं हवं, आणि जाळ्याला गाठी नकोत, गाठींनी पर फाटतात. माशाला हात लावण्याआधी हात ओले करायचे. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचं कातड्यावरचं कातडं असतं. कोरड्या हातानं तो निघाला की तिथे बुरशी बसते. गळ काढायला ते आर्टरी फोरसेप्स वापरायचे, आम्ही वॉर्डात वापरतो तोच चिमटा. तो त्यांच्या हातात पाहिला आणि मला पहिल्यांदा वाटलं, हे आपल्याला जमेल.

माझा पहिला टेंच मासा क्लबच्या तळ्यात लागला. ऑलिव्हसारखा हिरवा, खवले इतके बारीक की साबणाची वडी हातात धरल्यासारखं वाटावं, आणि डोळे अगदी छोटे, लाल. गळ वरच्या ओठात होता, सहज सुटला. आजोबांनी माझे दोन्ही हात पाण्याखाली धरून ठेवले. ‘सोडू नकोस. तो जाईल.’ मासा माझ्या तळव्यांत आडवा, कल्ले उघडत-मिटत. मी मोजत होते, सवयीनं, वॉर्डात श्वास मोजतो तसे. मग शेपटी एकदा हलली, बोटांना धक्का बसला आणि तळवे रिकामे झाले.

आठ वर्षांत मी एकही मासा मारला नाही. आमच्या क्लबचा नियमच होता, सगळे मासे परत. नदीवर कायद्यानं थोडेबहुत नेता येतात, जसं दिवसाला ६५ सेंटिमीटरपर्यंतचा एक पाइक हा शिकारी मासा, पण माझ्या ओळखीतलं कुणी नेत नसे. आणि माझ्यापुरतं आणखी एक होतं. वॉर्डात कुणी गेलं, की त्या सकाळी मी न चुकता कालव्यावर जायचे. रात्रभर हातातून काहीतरी निसटलेलं असायचं, आणि सकाळी एक जीव हातात घेऊन तो जिवंत परत देता यायचा. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. आज लिहिते आहे, कारण मासा सोडणाऱ्यांना मी कमी लेखते असं कुणाला वाटू नये.

२०१७ मध्ये नवऱ्याची बदली बव्हेरियात झाली. घर आवरताना आजोबांनी माझ्या दोन काठ्या प्लॅस्टिकच्या नळकांड्यात घालून, दोन्ही तोंडं चिकटपट्टीनं बंद करून दिल्या. ते नळकांडं नव्या घरात दाराआड जवळजवळ वर्षभर तसंच उभं होतं. जर्मनीत प्रत्येक राज्याचा मासेमारीचा कायदा वेगळा, पण परीक्षा दिल्याशिवाय प्रौढ माणसाला सहसा गळ टाकता येत नाही. बव्हेरियात किमान तीस तासांचा वर्ग, मग साठ प्रश्न, पाच विषयांचे बारा-बारा. पंचेचाळीस बरोबर यायला हवेत आणि प्रत्येक विषयात किमान सहा. आठ वर्षं मासे धरलेल्या बाईनं परीक्षा का द्यायची, असा माझा सुरुवातीला थोडा ताठा होता. शिवाय भाषा. दवाखान्यातलं जर्मन मला येत होतं. पण ‘पर’, ‘कल्ले’, ‘पार्श्वरेषा’, ‘विणीची जागा’ यांसाठी माझ्याजवळ शब्द नव्हते.

ते शब्द मला एका रुग्णानं दिले. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास ते माझ्याकडे डायलिसिसला यायचे. सत्तरीचे, जन्मभर माइन नदीवर गळ टाकलेले. माझ्या खिशात प्रश्नांचं पुस्तक दिसलं तसे ते खुलले. मी त्यांच्या हातात सुया लावायची आणि ते मला विचारायचे, ‘पाइकचं किमान माप?’ ‘पन्नास.’ ‘त्याचा बंद काळ?’ ‘१५ फेब्रुवारी ते ३० एप्रिल.’ ‘ओढ्यातल्या ट्राउटचा?’ इथे मी अडखळायचे. बंद काळाला जर्मनमध्ये ‘शोनत्साइट’ म्हणतात, जपण्याचा काळ. हा शब्द मला फार आवडला. एकदा मी त्यांना पुस्तकातलं वाचून दाखवलं, की माशाच्या रक्तातला बराचसा नको असलेला नायट्रोजन अमोनियाच्या रूपात कल्ल्यांतूनच पाण्यात निघून जातो, त्यासाठी मूत्रपिंडावर त्याला फारसं अवलंबून राहावं लागत नाही. ते मशीनच्या नळ्यांकडे बघत बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘पुन्हा वाच.’

वर्गात मात्र माझं एका गोष्टीवर अडलं. शिकवणारे म्हणाले, मापात बसणारा, बंद काळात नसलेला मासा काठावर आला की तो न्यायचा. सोडायचा तर त्याला पाण्यातल्या माशांच्या जोपासनेचं कारण हवं, मनाला वाटलं म्हणून नाही. आणि सगळे मासे सोडूनच द्यायचे असं ठरवून काठी घेऊन निघणं कायद्याला मान्य नाही. जर्मनीच्या प्राणी-संरक्षण कायद्याचं पहिलंच कलम सांगतं, की रास्त कारणाशिवाय कुणीही प्राण्याला वेदना, यातना किंवा इजा करू नये. २००२ पासून प्राण्यांचं रक्षण तिथल्या राज्यघटनेतही आहे. अन्न हे रास्त कारण, विरंगुळा नाही. मी हात वर केला आणि मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, की मी आजवर शेकडो मासे सुखरूप सोडले आहेत, जिवंत सोडणं मारण्यापेक्षा वाईट कसं? ते शांतपणे म्हणाले, ‘ज्याला खायचा नाही, त्याच्या तोंडात गळ घालायचं कारण काय होतं?’

मी खाली बसले. रोज मी माणसांच्या हातात जाड सुया घालते. रुग्ण डोळे मिटतो, ओठ आवळतो, आणि मी त्याला म्हणू शकते, की याशिवाय तुम्ही जगणार नाही. टेंचला मी काय सांगितलं असतं? कालव्यावरच्या त्या सकाळी मला हव्या होत्या. मला.

माशाला दुखतं का, यावर आपल्या पहिल्या पत्रलेखकानं ‘विज्ञानानं सिद्ध झालं आहे’ असं एका वाक्यात उरकलं आहे. प्रकरण इतकं सोपं नाही. २००३ मध्ये स्कॉटलंडमध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउटच्या तोंडावर आणि डोक्यावर इजा ओळखणाऱ्या चेतातंतूंची टोकं आहेत हे दाखवलं. ओठात मधमाशीचं विष किंवा अॅसिटिक आम्ल टोचलं, की ते मासे अन्नाकडे बराच वेळ फिरकत नसत, आणि आम्लाच्या गटातले काही मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासत. दुसरे शास्त्रज्ञ म्हणतात, की माणसाच्या मेंदूत वेदनेची जाणीव ज्या थरात होते तो थर माशाला नाहीच, त्यामुळे हे प्रतिक्षेप असू शकतात. वाद मिटलेला नाही. पण बेशुद्ध माणसाला सुई लावतानाही आम्ही त्याला दुखतं आहे असं धरूनच लावतो. माशाबाबतही मला तोच नियम बरा वाटतो.

आता तो मासा.

परीक्षा पास झाले, परवाना मिळाला, त्या रुग्णांच्याच क्लबात सभासद झाले. ऑक्टोबरचा रविवार होता, त्यांचा डायलिसिस नसलेला दिवस. माइनवरच्या एका बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला आम्ही बसलो होतो. ते घडीच्या खुर्चीत, फिस्चुलाचा, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी रक्तवाहिन्या जोडलेला, हात जाकिटात जपून. अंधार पडायला लागला होता, मी कपाळावर दिवा बांधला होता. आमिषाचा रबरी मासा मी तळावरून सावकाश उड्या मारवत आणत होते, तोच दोरा जड झाला, जसा काही ओला टॉवेल अडकावा. मग त्या टॉवेलनं मान झटकली. दोन-तीन मिनिटांत तो जाळ्यात होता. झांडर. इंग्लंडमध्ये ‘झँडर’ म्हणतात, इथे ‘त्सांडर’. पुढे दोन सुळे, पाठीवरचा काटेरी पर ताठ उभा, आणि डोळा दिव्यात काचेच्या गोटीसारखा चकाकणारा. अंधाऱ्या पाण्यात दिसावं म्हणून त्याच्या डोळ्यामागे उजेड परतवणारा थर असतो.

नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मी टेप लावली. सत्तावन्न. झांडरचं किमान माप पन्नास. बंद काळ मार्च-एप्रिलचा, तो कधीच संपलेला. माझे हात ओले होते, सवयीनं केलेले, आणि मासा धरलेला हात सरळ पाण्याकडे निघाला होता. खुर्चीतून आवाज आला, ‘आता विचार करायची वेळ गेली. तो काठी जोडताना करायचा होता.’ रागानं नाही म्हणाले. डायलिसिसला बसताना मला ‘लाव सुई’ म्हणतात त्याच आवाजात म्हणाले.

वर्गात क्रम पाठ करून घेतला होता. जाळ्यात घेणं, मोजणं, गुंगवणं, मारणं, मग गळ काढणं. लाकडी दांडक्याचा फटका डोळ्यांच्या किंचित मागे, मेंदूवर. मी मारला आणि तो हलका पडला. अर्ध्या वाटेत माझा हातच कचरला होता. मासा गुंगला का ते डोळ्यावरून कळतं. शुद्धीत असलेल्या माशाला कुशीवर कलता केला तरी त्याचा डोळा फिरून आडव्या पातळीत राहायला बघतो. गुंगला असेल तर डोळा डोक्याबरोबरच फिरतो. मी तो कलता केला. दिव्याच्या उजेडात ती चकाकणारी गोटी सावकाश फिरली आणि सरळ झाली. वीस वर्षं मी माणसांच्या बाहुल्यांवर टॉर्च मारून हेच बघत आले आहे, कुणी आत आहे का. होता. आत होता. दुसरा फटका मी पूर्ण ताकदीनं मारला. पुन्हा कलता केला, डोळा डोक्याबरोबर फिरला. मग सुरी हृदयात. त्यानंतर गळ काढला, त्याच फोरसेप्सनं. हात थरथरत होते, पण चुकले नाहीत.

रात्री मी इंग्लंडला आजोबांना फोन केला. त्यांनी जन्मभर मासे सोडले होते, आणि मी त्यांच्या काठीनं हे केलं होतं. सगळं सांगितलं, पहिला फटका हलका पडला तेही. बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, आता ते फोन ठेवतील. ते म्हणाले, ‘पुढच्या वेळी पडणार नाही.’ मग विचारलं, नदी कशी आहे, प्रवाह किती, समोरच्या काठाला झाडं आहेत का. आम्ही अर्धा तास बोललो.

संपादक महोदय, परदेशी जाणाऱ्यांसाठी आपल्या पुरवणीत व्हिसा, घर, शाळा, भाषा यांवर चांगले लेख येतात. पण घर बदलताना आपण आपली नीतीही खोक्यांत भरून नेतो आणि ती तिकडे तशीच चालेल असं धरून चालतो, याबद्दल मी कुठे वाचलं नव्हतं. इंग्लंडमध्ये मला वाटत होतं, मासा सोडणं ही माझी दया आहे. जर्मनीत आल्यावर दिसलं, की तिच्यात बराच वाटा क्लबच्या नियमाचा होता, थोडा आजोबांच्या संगतीचा, आणि थोडा माझ्या स्वतःच्या दुःखाचा. माशाचा वाटा किती होता, हे मी तोवर स्वतःला विचारलंच नव्हतं.

आणि जर्मनीचं उत्तर मी जसंच्या तसं गळी उतरवलं आहे असंही समजू नका. झांडरचंच घ्या. इंग्लंडमध्ये १९६३ मध्ये तो ग्रेट ऊज नदीच्या जोडकालव्यात सोडला गेला, तिथून पसरला, आणि आज काही कालव्यांतून त्याला परका म्हणून काढून टाकतात. इथे तोच मासा मानाचा. पण माइनमध्येही तो मूळचा नाही, एकोणिसाव्या शतकात माणसांनीच आणून सोडलेला. रेनबो ट्राउट उत्तर अमेरिकेतून १८८० च्या दशकात आला, त्यालाही कुणी परका म्हणत नाही. मात्र काळ्या समुद्राकडची गोबी नावाची छोटी मासळी, जी १९९२ मध्ये माइन आणि डॅन्यूब जोडणारा १७१ किलोमीटरचा कालवा पुरा झाल्यावर या पाण्यात पसरली, तिचं नाव निघालं की क्लबच्या बैठकीत सगळ्यांचा आवाज चढतो. ती दुसऱ्या माशांची अंडी खाते, गांडूळ तळाला टेकायच्या आत गळाला लागते, हे खरंच आहे. तरी ‘न बोलावता आले आणि आता हलत नाहीत’ असं जेव्हा त्या टेबलावर कुणी म्हणतं, तेव्हा मी पाण्याचा ग्लास उचलून पिते. ते माझ्याबद्दल बोलत नसतात. माझ्याशी ते चांगलेच वागतात. तरी ते वाक्य कानात राहतं.

आपल्या दुसऱ्या पत्रलेखकांना मला एक सांगायचं आहे. सोडलेला मासा जगतोच असं नाही. पर्च आणि झांडर या माशांचा पाण्यात तोल सांभाळणारा पोटातला हवेचा फुगा बंद असतो, त्यातली हवा त्यांना तोंडावाटे सोडून देता येत नाही. दहा मीटर खोलीवर पाण्याचा दाब वरच्या दुप्पट असतो. तिथून मासा भरकन वर ओढला की फुग्यातली हवा दुपटीकडे फुगते, आतडी दाबली जातात, कधी पोटच तोंडातून बाहेर येतं. असा मासा सोडून देऊन त्याचा फोटो लावणं ही दया नव्हे. उन्हाळ्याचंही तसंच. शून्य अंशाच्या पाण्यात लिटरला १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, पंचवीस अंशाच्या पाण्यात जेमतेम ८.३. झुंजून दमलेल्या माशाला गरम पाण्यात सोडणं म्हणजे धाप लागलेल्या माणसाच्या नाकावरचा मास्क काढून घेणं. २०१८ च्या उन्हाळ्यात नदी इतकी तापली आणि आटली, की मी गळ टाकणंच थांबवलं. बंदी नव्हती, पण टाकवेना.

आणि पहिल्या पत्रलेखकांना एवढंच, की ‘खाण्यासाठी मारला तर छळ नाही’ हेही इतकं सोपं नाही. तुम्ही तो डोळा फिरताना बघितलेला नाही. माझा पहिला फटका हलका पडला, त्या चार-पाच सेकंदांचं मी काय करू? माझ्या मते गळ हातात घेणाऱ्या प्रत्येकाला नीट, एका फटक्यात मारायला आलंच पाहिजे, मग तो सोडणाऱ्या देशात राहत असो की नेणाऱ्या. कारण सोडायच्या माशालाही कधी गळ खोल घशात जातो, कल्ल्यांतून रक्त येतं, आणि तो जगणार नसतो. तेव्हा हात कचरलेला चालत नाही. परदेशात जाऊन कुणाला गळ टाकावासा वाटला, तर काठी घेण्याआधी त्या पाण्याचा परवाना, बंद काळ आणि किमान माप विचारा, आणि कुणा जाणत्याकडून हे एक शिकून घ्या. मला नववं वर्ष उजाडलं, तेव्हा शिकले.

माझा आताचा रिवाज असा. काठी जोडण्याआधी घरातला फ्रीजर उघडते. मासा असेल तर जात नाही. नसेल तर जाते, आणि एक मिळाला की काठीचे भाग सुटे करून परत. त्यामुळे पूर्वी आठवड्याला दोनदा जायचे, आता महिन्याला एकदा जेमतेम. लहान मासा लागला तर ओल्या हातानं, पाण्याखालीच, आजोबांनी शिकवलं तसा सोडते, आणि ते आजही मला तितकंच बरं वाटतं. वॉर्डातली रात्र वाईट गेली तरी सकाळी काठी घेत नाही. नुसती जाऊन बसते.

गेल्या गुरुवारची रात्र तशी होती. सकाळी बंधाऱ्याखाली जाऊन बसले. घडीची खुर्ची मी घेऊन जाते, ती आता माझ्याकडेच असते. पाणी चढलेलं, गढूळ. सायकलवरून जाणारे एक गृहस्थ थांबले, माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि विचारलं, आज लागत नाही का काही? मी म्हटलं, आज फ्रीजर भरलेला आहे. त्यांनी मान डोलावली, सायकल कठड्याला टेकवली आणि तेही थोडा वेळ बसले.

आपली,
एक नियमित वाचक
बव्हेरिया, जर्मनी